हाताच्या मापाचा पट्टा

आमच्या घरात अकरा तलवारी आहेत आणि त्यांतल्या एकीनंही आजवर काकडीसुद्धा कापलेली नाही. सगळ्या नकला आहेत. जुन्या तलवारींच्या बरहुकूम घडवलेल्या, पण धार न लावलेल्या. सरळ लांब पात्याची धोप आहे, टोकाकडे रुंद होत जाणारा खांडा आहे, वाकड्या पात्याच्या तर चार आहेत. परभणीत आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस बैठकीत बसतो, भिंतीकडे बघतो आणि मग चहा जरा घाईनंच पितो.

मी सत्तावीस वर्षं मुलींच्या शाळेत खेळ शिकवले. खो-खो, लेझीम, लाठीकाठी. तलवारींचा नाद तिथेच लागला. आमचे हे होमिओपॅथीचे डॉक्टर. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणतं म्हणून मीही डॉक्टरच म्हणते. माझ्या संग्रहाशी त्यांचं नातं एवढंच, की ज्या भिंतीवर तलवारी आहेत त्या भिंतीखाली ते बसत नाहीत.

बारावा मला पट्टा हवा होता. तलवारीला मूठ असते, पट्ट्याला लोखंडी बाही असते. तिला खोबळा म्हणतात. हात कोपरापर्यंत त्यात घालायचा, आतली आडवी मूठ धरायची, की पुढे चार फुटांचं लवचीक पातं जणू हातालाच फुटतं. तलवारवेड्यांच्या आमच्या फोनवरच्या ग्रुपात कळलं, की पुणे जिल्ह्यातल्या आंदर मावळात किसनभाऊ नावाचे एक गृहस्थ उत्तम पट्टे करतात. फोन केला तर त्यांच्या पत्नीनं, सुमनताईंनी उचलला. कुरिअरनं पाठवाल का, असं विचारलं.

"न्हाई वो बाई. मापाबिगर आमी देत न्हाई. हात घेऊन या."

म्हणून आम्ही हात घेऊन निघालो.

हाताबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण डॉक्टरांना मी ती सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून माझं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, मी "झालं बरं" म्हणाले आणि सगळ्यांनी ते मानलं. पण ते बरं झालं नव्हतं. मनगट पुरतं वळत नव्हतं. पूर्वी दर रविवारी एक तलवार खाली काढून मी अंगणात फिरवायची. आता फक्त फडक्यानं पुसून परत टांगत होते. त्याच वर्षी मी निवृत्त झाले, त्यामुळे कुणी कारण विचारलं नाही.

पट्ट्यात मनगट वाकवावंच लागत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते खरं आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

लोणावळा

डॉक्टरांची अट होती: आधी एक दिवस लोणावळा. थंड हवा, चिक्की आणि तलवारीचं नाव नाही. अट मी मान्य केली आणि ती मोडली त्यांनीच.

बाजारात चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत एक शोभेच्या वस्तूंचं दुकान होतं. काचेत घंटा, होकायंत्रं, दुर्बिणी आणि मखमली म्यानातल्या तलवारी. मी शब्द पाळून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होते. डॉक्टर थांबले.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

ती युरोपातल्या जुन्या सरदारांच्या धाटणीची होती. दोन हातांनी धरायची लांब मूठ, मुठीपुढं आडवी दांडी आणि बुडाला सिंहाचं तोंड. दुकानदारानं ती डॉक्टरांच्या हातात दिली. "सर, हा ओरिजिनल डुप्लिकेट आहे. बाकीचे लोक डुप्लिकेटचा डुप्लिकेट विकतात."

मी पात्यावर नखानं टिचकी मारली. चांगल्या नकलेचं पातं टिचकीनंतर थोडा वेळ गुणगुणतं. हे "टक्" म्हणालं आणि गप्प बसलं. शिवाय चांगल्या तलवारीत पात्याचं शेपूट मुठीच्या आरपार बुडापर्यंत गेलेलं असतं. स्वस्त मालात आत बोटभर सळई डकवलेली असते. आमच्या ग्रुपवर अशा तलवारीला 'फोटोपुरती' म्हणतात. हे सगळं मला सांगता आलं असतं. पण तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच एका तलवारीकडे पाठ न करता बघितलं होतं. मी गप्प राहिले.

दुपारी दरीच्या टोकाशी गेलो. रिक्षावाल्यानं 'पॉइंट' म्हणून सोडलं ती जागा. कठडा, वारा, खाली नुसतं रान आणि कडेला मक्याची कणसं भाजणारी एक मावशी. डॉक्टरांना तलवारीसकट फोटो हवा होता. ते कठड्याशी उभे राहिले, दोन्ही हातांनी मूठ धरली, छाती काढली.

"वर करा थोडी," मी म्हणाले.

त्यांनी थोडी नाही, झोकात वर केली. मूठ डोक्यावर जाऊन थांबली. पातं थांबलं नाही. ते निवांत एक गिरकी घेऊन, उन्हात चमकून दरीत गेलं. बऱ्याच वेळानं खालून बारीक आवाज आला.

कणीसवाल्या मावशीनं पंखा थांबवला. "हितनं टोप्या जात्यात, चष्मे जात्यात. एकदा एकाची कवळी गेलती. तलवार पयल्यांदाच." मग डॉक्टरांकडं बघून समजूत घालावी तशी म्हणाली, "मूठ तरी ऱ्हायली न्हवं हातात. बसा, कणीस खावा."

आम्ही बसलो. लिंबू-तिखट लावलेलं कणीस खाताना डॉक्टरांनी सिंहाचं तोंड मांडीवर ठेवलं होतं.

"तुला आधीच माहीत होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात."

त्यांनी त्यावर विचार केला आणि सगळं कणीस संपवून म्हणाले, "ठीक आहे." फोटो मात्र सुरेख आलाय. त्यात डॉक्टर डोक्यावर मूठ धरून उभे आहेत आणि पातं फोटोच्या चौकटीतून नुकतंच बाहेर पडलंय.

आंदर मावळ

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलनं कान्हे स्टेशनात उतरलो. पुढं जीप, आणि जीप थांबली तिथून पाय. एसटी आहे, पण ती सकाळीच जाऊन आली होती. भातकापणी उरकली होती. खाचरांत बोटभर धसकटं, बांधावर पेंढ्याच्या उडव्या, आणि कापलेल्या भाताचा एक गोडसर वास. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी उभी असते. इथं डोंगर उभे होते आणि शेतं बसली होती.

वाटेत डोक्यावर पेंढ्या घेतलेले एक म्हातारे गृहस्थ बरोबर चालू लागले. नामदेव आबा. आम्ही चार पावलांत दमत होतो आणि ते ओझं घेऊनही आमच्यासाठी हळू चालत होते.

"कुटं निगाला?"

"किसनभाऊंकडे," मी म्हणाले.

"म्हंजे हात दावायचा असंल," आबा म्हणाले. जसं ज्योतिषाकडे निघालोय. "किसनाची नि माजी भिंत एकच. या."

गावाचं नाव लिहू नका, असं किसनभाऊंनी बजावलंय. गर्दी झाली तर शनिवार-रविवारची भाताची कामं राहतात, म्हणाले.

किसनभाऊ सडपातळ, चष्म्याला दोरी बांधलेले. देहूरोडच्या लष्करी डेपोत तीस वर्षं त्यांनी ट्रकच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर गावी येऊन घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी लावली. घरात शिरलं की समोर बुद्धांची लहान मूर्ती, तिच्याशेजारी नोकरीतलं निरोपाचं मानचिन्ह. डॉक्टरांनी "जय भीम, भाऊ" म्हटलं. भाऊंनी हसून "जय भीम" केलं आणि आधी पाणी, मग चहा, मग जेवण, आणि माप शेवटी, असा क्रम सांगितला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसाला तांदळाची भाकरी फसवते. इतकी मऊ, की आपण किती खाल्ल्या ते कळत नाही. नंतर इंद्रायणीचा भात. आमच्याकडे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी ताकाला आधार म्हणून मूठभर. इथं तो यजमान होता. चिकट, वासाचा, पातेल्याचं झाकण काढलं की बाहेरच्या ओट्यावर कळणारा. डॉक्टरांनी तीनदा घेतला आणि मग पिशवीतून सिंहाच्या तोंडाची मूठ काढून भाऊंना दाखवलं. भाऊंनी मुठीत डोकावून बघितलं.

"आत काय न्हाईच की. सळई व्हती व्हय?"

"दरीत आहे," डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं. कुनाच्या डोसक्यात न्हाई बसली." आणि मूठ त्यांनी खुंटीवर टांगून ठेवली. ती अजून तिथंच आहे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला मागून घेतली.

शेडमध्ये भिंतीला सात-आठ पट्टे उभे होते. मी एकेकाला टिचकी मारली. पहिला इतका वेळ गुणगुणला, की मला लाजल्यासारखं झालं. आमच्या घरातल्या अकरा जणी एकत्र केल्या तरी एवढं गाणार नाहीत.

"ट्रकच्या पाट्याचंच पोलाद हाय," भाऊ म्हणाले. "गाडीतला पाटा काय नि हातातला पट्टा काय, वाकला पायजेल, मोडला न्हाई पायजेल."

कोपऱ्यात एक जुना, हातांच्या घामानं काळवंडलेला पट्टा होता. तो विकायचा नव्हता. "ह्यो पयला. आमच्या आज्याच्या टायमाला आमच्या मानसानं असल्या वस्तूला हात लावायची सोय न्हवती. मनून पयला केला त्यो सोताच्या हाताचा." हे त्यांनी हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं आणि मापाची पट्टी उचलली.

"आता सांगा बाई. भिताडासाठी पायजेल का हातासाठी? भिताडाला माप लागत न्हाई. मग लोनावळ्यातनंच घ्या."

डॉक्टर माझ्या मागंच उभे होते. त्यांना वाटत होतं, बाराव्या खिळ्यासाठी आलोय.

"हातासाठी," मी म्हणाले.

"दावा मग. तळवा वर करा."

मी हात पुढं केला. तळवा अर्ध्यावर येऊन थांबला. मी खांदा वाकवून तो वळल्यासारखा दाखवायचा प्रयत्न केला. ही युक्ती डॉक्टरांपुढं दोन वर्षं चालली होती. भाऊंपुढं चालली नाही. त्यांनी माझा खांदा सरळ केला.

"मोडला व्हता?"

"हो."

"कवापासनं असा हाय?"

"तेव्हापासूनच. बरा झालाच नाही." मी मागं बघितलं नाही. "तलवार धरता येते, फिरवता येत नाही. पट्टा फिरवता येईल का, तेवढं बघायला आलेय. नाही आला तर तसं सांगा. भिंतीसाठी नेणार नाही."

भाऊंनी माझा कोपर धरला, मनगट धरलं, बोटं मोजल्यासारखी दाबली.

"मनगाट खोबळ्यात बंद असतंय. काम खांद्याचं नि कमरंचं. येतंय का न्हाई ते मी कसं सांगू? फिरवून बगा. आबा, खळं द्याल का?"

नामदेव आबा भिंतीपलीकडून म्हणाले, "घ्या की. पर माज्या पेंढ्यापास्नं लांब."

आबांचं खळं शेणानं सारवलेलं, भात झोडून मोकळं झालेलं होतं. भाऊंनी एक जुना सरावाचा पट्टा दिला. खोबळा मला ढगळ होत होता, म्हणून सुमनताईंनी आत एक टॉवेल कोंबला. मी सत्तावीस वर्षं ज्या थाटात मैदानावर उभी राहिले, त्याच थाटात उभी राहिले आणि पट्टा फिरवला.

पहिल्यांदा तो जमिनीत रुतला. दुसऱ्यांदा लवचीक पातं वळून माझ्याच पाठीत बसलं. धार नव्हती, पण आवाज चांगला झाला. तिसऱ्यांदा आबांच्या पेंढ्यांची अख्खी रास खाली आली.

"लांब मनलं व्हतं," आबा शांतपणे म्हणाले आणि पेंढ्या परत रचायला लागले.

चौथ्यांदा, पाचव्यांदा तेच. हात लोखंडानं जड झाला होता. मी मनगट वळवायला जात होते, ते वळत नव्हतं, आणि दुखणं थेट कोपरापर्यंत येत होतं. मी खळ्याच्या कडेला बसले. एवढा प्रवास करून कळायचं ते कळलं, असं वाटलं. डॉक्टर शेजारी येऊन बसले. त्यांनी फक्त खोबळ्यातून टॉवेल काढून माझ्या पाठीवरची माती झटकली.

तेवढ्यात सुमनताई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी तलवारच फिरवताय. हाताला सांगताय फिर मनून. हाताला कायबी सांगू नका. अंगन झाडताना कमरंतनं वळतोय का न्हाई आपण? तसं वळा. हात आपसूक मागनं येतोय."

मुलींना मी हेच सांगायची: आधी पाय, मग कंबर, हात शेवटी. स्वतःच्या वेळी विसरले होते. उठले. टॉवेल परत कोंबला. डोळे पट्ट्यावर न ठेवता समोरच्या डोंगरावर ठेवले आणि कमरेतून वळले.

पातं डोक्यावरून गेलं, खाली आलं, डावीकडून परत वर गेलं. "सुई सुई" असा आवाज आला. तो आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता. आणखी एकदा. आणखी एकदा. आठाचा आकडा हवेत पुरा झाला, आणि मनगट आपलं आत मुकाट्यानं बंद. पाच-सहा फेरे झाले असतील. मग मी थांबले.

"व्हय," भाऊ म्हणाले. "येतंय."

मी रडले, असं डॉक्टर सगळ्यांना सांगतात. धूळ गेली होती.

भट्टीपाशी

आमची परतीची तिकिटं दुसऱ्या दिवसाची होती. भाऊंकडे पातं तयार होतं, पण माझ्या मापाचा खोबळा करायला पुरता एक दिवस लागणार होता. मी काही म्हणायच्या आधी डॉक्टरांनी फोन काढला आणि तिकिटं पुढची केली. "माझे पेशंट काही कुठं जात नाहीत," ते म्हणाले. "हळूहळूच बरे होतात."

रात्री भाऊंकडेच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वीज गेली. भट्टीचा पंखा विजेवरचा. भाऊंनी कोपऱ्यातून हातानं फिरवायचा जुना भाता काढला आणि डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी त्यांना तेहतीस वर्षांत एवढं घामाघूम पाहिलेलं नाही. सुरुवातीला ते जोरात फिरवत आणि भाऊ म्हणत, "हळू, डाक्टर, जाळायचं न्हाई, तापवायचंय." तासाभरात त्यांना लय सापडली. मग ते निखाऱ्याच्या रंगावर भाऊंशी चर्चा करू लागले. दुपारपर्यंत तर "आता गर्द नारंगी झालंय, काढा" असं सांगायला लागले, आणि भाऊ मुकाट्यानं काढत होते. ते खरोखर बरोबर होतं की भाऊ पाहुण्याचं मन राखत होते, कळायला मार्ग नाही.

पत्रा तापला, वाकला, ठोकला गेला. दर थोड्या वेळानं माझा हात मागितला जायचा. शिंप्याकडे ब्लाउजचं माप देताना इतक्यांदा जावं लागत नाही. संध्याकाळच्या आत खोबळ्याला अस्तर लागलं. सुमनताईंनी जुन्या घोंगडीचा तुकडा आत शिवला. पातं रिव्हेट मारून बसवलं.

मी हात घातला. कुठं बोचलं नाही, कुठं हललं नाही.

मग भाऊंची एक रीत कळली. नवा पट्टा घेणाऱ्यानं जाण्याआधी ओंडक्यावर ठेवलेलं लिंबू मारायचं. सुमनताईंनी परसातली दहा लिंबं तोडून आबांच्या खळ्यात आणली. डॉक्टर एकदम पुढं झाले.

"ओंडका कशाला? माझ्या तळहातावर ठेवा."

मी पट्टा खाली केला. किसनभाऊंनीच सोडवलं. "वरीसभर फिरवू द्या बाईंना. मग ठेवा. आता हाताला लागंल." डॉक्टर लगेच दोन पावलं मागं गेले. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं. पण ते पुढं झाले होते, ते मी बघितलं होतं.

सहा लिंबं जागची हललीसुद्धा नाहीत. सातव्याला पातं लागलं. धार नसल्यामुळं ते कापलं गेलं नाही, फुटलं, आणि रस थेट डॉक्टरांच्या डोळ्यात गेला. आबा पेंढ्यांच्या राशीपुढं हात पसरून उभे होते, ते तसेच हसत खाली बसले. हललेली-न हललेली सगळी लिंबं सुमनताईंनी गोळा केली. आम्हाला सरबत मिळालं आणि उरलेल्यांचं लोणचं त्या घालणार होत्या.

बेगडेवाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली एक जीप भाताची पोती घेऊन देहूरोडला निघाली होती, तिच्यातून आम्ही निघालो. पट्टा गोणपाटात गुंडाळून पोत्यांच्या मधे झोपवला. ड्रायव्हरनं आम्हाला वाटेत बेगडेवाडी स्टेशनात सोडलं. छोटं स्टेशन, बाकावर आम्ही दोघं आणि आमच्यात पाच-साडेपाच फुटांचं गाठोडं.

एक रेल्वे पोलीस फिरत आला. "काय आहे यात?"

"पट्टा," डॉक्टर म्हणाले.

"कमरेचा?"

"हाताचा."

त्यानं गोणपाट उघडायला लावलं. पात्यावर अंगठा फिरवून बघितला, धार नसल्याची भाऊंनी दिलेली चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "फिरवतं कोण?"

"ह्या," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं, ते मी आमच्या लग्नाच्या वेळीही ऐकलं नव्हतं.

"बांधून ठेवा, गाडीत काढू नका," म्हणून पोलीस पुढं गेला.

लोकलला वेळ होता. डॉक्टरांनी गोणपाट परत गुंडाळलं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "आणि मी डॉक्टर."

"मी लपवत होते ना."

"तसं नाही. मला दिसत होतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण, पाण्याची बाटली, तूप, सगळं तू मला उघडायला द्यायचीस. आधी कधी देत नव्हतीस." त्यांनी सुतळीची गाठ आवळली. "मला वाटायचं, निवृत्त झालीस म्हणून माझ्याशी जरा प्रेमानं वागायला लागलीस. म्हणून विचारलं नाही. बरं वाटायचं मला."

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती उघडून दिली.

झाकण तसं सैलच होतं.